प्रोसेसरवरचा मळ

नंदुरबार,
दि. १८ मार्च २०२५

चि. सौ. मोहिनीस,

अनेक आशीर्वाद. सहा आठवडे तुला एक ओळ लिहिली नाही, फोनही उचलला नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. (सहा आठवडे आणि दोन दिवस. डायरी शेजारी ठेवूनच लिहितो आहे.) मोठ्या भावाने धाकट्या बहिणीची माफी मागायची नसते असं आई म्हणेल, पण ते वाक्य तू वाचताना गाळ. आईचा गुडघा कसा आहे? ऑपरेशनानंतर जिना उतरते, की अजून गॅलरीतूनच सुरत बघते? भूपेशरावांना सप्रेम नमस्कार. त्यांच्या पित्तावर मी मागे आवळ्याचं चूर्ण सुचवलं होतं, त्याने त्रास वाढला असल्यास तेही माझ्याच नावावर लिही.

तुझा निरोप लोटनआप्पांच्या फोनवरून पोचला. आईच्या मनाने घेतलं आहे की हेमा रागावला, आपण काहीतरी चुकीचं विचारलं, म्हणून त्याने बोलता बोलता व्हिडिओ कॉल बंद केला. आणि तेव्हापासून ती रविवारी पडद्यासमोर बसायलाच तयार नाही. हे वाचून माझं जेवणात लक्ष लागलं नाही. (जेवण खिचडी होती, म्हणजे लक्ष लागण्यासारखं फार नव्हतंच.) तेव्हा जे घडलं ते पहिल्यापासून लिहितो. आईला मोठ्याने वाचून दाखव.

तुला ठाऊक आहे, माझा मोबाईल बटणांचा, त्यात चेहरा दिसत नाही. आईला बघायचं तर मी नोकरी करतो त्या कॉलेजच्या ग्रंथालयाने मोडीत काढलेला आणि मी रीतसर बोली लावून घेतलेला तो जुना कॉम्प्युटर हाच एक मार्ग. संक्रांतीच्या आधी त्याचा पंखा घरघरायला लागला. आई तुझ्याकडे गेल्यापासून घरात धूळ साचते हे मान्य करून मी एका रविवारी त्याचं झाकण उघडलं. स्पिरिटचा बोळा घेऊन कोपरान् कोपरा पुसला. पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा उचलला, तर प्रोसेसर नावाच्या चौकोनी चिपवर करड्या रंगाचा चिकट लगदा बसलेला. दहा वर्षांचा मळ! आई नेहमी सांगायची की जिथे पाहुण्याची नजर जात नाही तिथे आधी फडकं फिरव. मी चिप आरशासारखी लखलखीत केली, ठोकळा पुन्हा घट्ट आवळला आणि डायरीत लिहिलं, ‘आज आतला मळ काढला. समाधान वाटले.’

त्या संध्याकाळपासून कॉम्प्युटर अकरा मिनिटांनी आपोआप बंद पडू लागला. साडेदहा नाही, बारा नाही. इतकी वक्तशीर वस्तू मी आमच्या कॉलेजातही पाहिलेली नाही.

आता मी पडलो बी.एस्सी. भौतिकशास्त्र, द्वितीय श्रेणी. उष्णता या विषयात मला चांगले गुण होते, त्यामुळे दुरुस्तीवाल्याकडे जायला मन तयार होईना. (हा अहंकार होता का? डायरीत दोन पानं या प्रश्नावर गेली आहेत, निकाल लागलेला नाही.) मी लोटनआप्पांकडे गेलो. शेजारी, वय एकोणसत्तर, सगळी हयात मोटारी रिवाइंड करण्यात गेली. त्यांनी सगळं ऐकलं आणि निदान केलं, “मास्तर, माणूस तापना म्हंजे आपन काय करतस? हवा देतस. डबडाले बी हवा दे!” मला ते शास्त्रीय वाटलं. त्यांनी त्यांच्या जुन्या कूलरचा पंखा काढून दिला. मी कॉम्प्युटरच्या कुशीला पत्रा कापून ताटाएवढं भोक पाडलं, तेलाच्या डब्याचा पत्रा वळवून नळकांडं केलं, त्याचं एक तोंड त्या भोकाला आणि दुसरं मागच्या खिडकीला जोडलं, आणि खिडकीत कूलरचा पंखा बसवला. बाहेरची थंड हवा थेट प्रोसेसरवर. चालू केल्यावर विमान उडावं तसा आवाज यायचा, पण अकराची चौदा मिनिटं झाली. मी आलेख काढला.

मोहिनी, मागच्या खिडकीसमोर काय आहे ते तुला सांगायला नको. मलाही कोणी सांगायला नको होतं, मी तीस वर्षं त्या खिडकीतून तेच बघतो आहे. मिरचीची पथारी! जानेवारी महिना, नजर पोचेल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली, बाया दिवसभर ती उलथवताहेत, बी आणि भुकटी वाऱ्यावर. पिढ्यान् पिढ्या नंदुरबारची माणसं त्या दिशेची खिडकी दिवाळीनंतर बंद करतात ती होळीनंतरच उघडतात. आणि मी त्या खिडकीत पंखा बसवला, तोही आत हवा ओढणारा.

पुढचा रविवार तुम्हा दोघींना आठवत असेल. नऊ मिनिटांच्या कॉलमध्ये मी सहा मिनिटं शिंकत होतो आणि आई सुरतेतून ओव्याची धुरी घ्यायला सांगत होती. तिचा समज की मला सर्दी झाली. मीही ‘हो’ म्हणालो. (खोटं बोललो. नोंद केली आहे.) कॉम्प्युटर मागच्या बाजूने गरम मिरचीची हवा सोडत होता. अंथरूण, पुस्तकं, चहाची साखर, सगळ्याला तिखट लागलं. शांतीबाई, म्हणजे लोटनआप्पांच्या घरच्या, पदर नाकाला लावून दारात आल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, तू मसाला कुटी ऱ्हायना का कॉम्पुटर चालाडी ऱ्हायना?” त्यांना मी अर्धा तास बसवून वायुप्रवाह समजावला. त्या बसल्या, हे विशेष. नंतर वाटलं, त्या दोन वाक्यांत समजल्या असत्या, मीच लांबवलं.

भुकटी अडवायला मी नळकांड्याच्या तोंडाला कूलरची वाळ्याची जाळी लावली आणि ती ओली ठेवली. झालं असं की मिरची ओली होऊन आत गेली आणि त्या ठोकळ्याच्या पात्यांमध्ये लाल चटणीसारखी बसली. चौदाची सात मिनिटं झाली. आलेख आता खाली उतरायला लागला होता. आप्पा म्हणाले, “अजून मोठा पंखा लावू.” मी नको म्हणालो, कारण त्यांच्याकडे उरलेला मोठा पंखा म्हणजे त्यांच्या डोक्यावरचा होता.

शेवटी कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळून रिक्षाने दुकानात नेला. दुकान मयूरी नावाच्या बाई चालवतात, पस्तिशीच्या असतील. त्यांनी झाकण काढलं, तीनदा शिंकल्या, भोकातून हात आरपार घालून माझ्याकडे पाहिलं. मग ठोकळा उचलून विचारलं, “सर, इथली पेस्ट कुठे गेली?” मी म्हणालो, मळ होता, पुसला. त्यांनी ठोकळा खाली ठेवला. मग फार हळू आवाजात म्हणाल्या, “सर, दोन धातू कितीही आवळले ना, तरी मध्ये बारीक हवा राहते. ती पेस्टच तर चिपची गरमी वर पोचवत होती.” त्यांनी मसुराच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली, ठोकळा धुऊन बसवला, आणि यंत्र तासभर चालवून दाखवलं. मिरची, कूलर, डबा, आलेख, सगळं एका मसुराच्या दाण्यासाठी.

तर आईला सांग, २ फेब्रुवारीच्या रविवारी ती बोलत असताना पडदा काळा झाला तो असल्या तापलेल्या यंत्रामुळे. हेमा रागावलेला नाही. यंत्र आता उत्तम चालतं. पथारीही उठत आली आहे. येत्या रविवारी चार वाजता मी समोर बसलेला असेन.

तुझा भाऊ,
हेमराज

ता. क. इथून पुढे आईला वाचून दाखवू नकोस.

वरचं पत्र पुन्हा वाचलं. त्यातलं तापलेल्या यंत्राचं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं आहे, क्रम मात्र मी झाकला आहे. मयूरीबाईंनी यंत्र दुरुस्त केलं ते २९ जानेवारीला, बुधवारी. २ फेब्रुवारीला ते सकाळपासून चालू होतं आणि जराही तापलेलं नव्हतं. तुला आठवतं, तू स्वयंपाकघरात गेलीस आणि आईने विचारलं, “हेमा, आज तू कोनासंगे बोलना?” साधा प्रश्न. ती गावात असताना रोज विचारायची आणि मी कधी नीट उत्तर दिलं नाही, कारण उत्तर असायचं. त्या दिवशी रविवार, ग्रंथालय बंद, आप्पा आणि शांतीबाई लग्नाला म्हसावदला गेलेले. मी खरोखर आठवायला लागलो. शनिवारपर्यंत मागे गेलो. आई वाट बघत होती. मी टेबलाखाली हात नेला आणि बटण दाबलं. ते बटण चार सेकंद दाबून धरावं लागतं, म्हणजे चुकून हात लागला असंही म्हणता येत नाही. चारही सेकंद तिचा चेहरा समोर होता.

नंतर तुझे फोन उचलले नाहीत, कारण तू ‘काय झालं’ म्हणून विचारशील आणि मी ‘कॉम्प्युटर’ म्हणेन, हे मला दिसत होतं. बघ, शेवटी तेच म्हणालो, आणि तेही चांगलं लांबलचक.

दुसरा ता. क. आईला परत पाठव असं मी म्हणणार नाही. तिचा गुडघा तुझ्याकडेच बरा होईल, आणि तिला घेऊन जा असं मीच सांगितलं होतं. विचारायचं होतं ते वेगळंच, आणि त्यासाठी एवढी मिरची उडवली. मी आठ दिवस तुमच्याकडे आलो तर चालेल का? बहिणीच्या घरी भावाने फार मुक्काम करू नये, हे मला कळतं. भूपेशरावांना आधी विचार. माझ्या रजा शिल्लक आहेत, एकही घेतलेली नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यासमोर बसून द्यावं असं वाटतं. उत्तर अजून ‘कोणाशीच नाही’ हेच आहे, पण ते पडद्यावरून सांगता येत नाही, एवढं तपासून पाहिलं.

तिसरा ता. क. तुझं उत्तर येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. डायरीत लिहिलेलं आत्ता खोडलं आणि खाली नवीन लिहिलं, ते जसंच्या तसं उतरवतो:

उद्या: स्टेशनवर जाऊन सुरतचं तिकीट काढणे. (नुसती गाडीची वेळ विचारून परत येणे नव्हे.)