मुग्धाचं ताट

रविवार, संध्याकाळ

परक्या घरांत वाढलेल्या एका बाईंचं आत्मकथन वाचतेय. लहानपणी त्या जेवल्याजेवल्या स्वतःचं ताट घासून ठेवायच्या. का, तर आपण इथे जेवलो हे कुणाला दिसू नये म्हणून. तिथेच पुस्तक मिटलं.

मुग्धा अनाथ मुलांच्या संस्थेतून आमच्याकडे राहायला आली, दहा वर्षांची. पहिल्या दिवसापासून ताट घासून पालथं घालते. शेजारच्या गुजराती बेन म्हणतात, ‘कितनी सयानी बच्ची है!’ मीही फुशारलेली, काय वळण आहे म्हणून. वळण कसलं! भीतीच असेल का ती? विचारू तरी कसं?

आज जेवण संपतासंपता खालून मैत्रिणींनी हाका मारल्या. ‘काकू, मी खेळायला जातेय!’ म्हणत पळालीच. ताट तिथेच. बांगड्याचे काटे, कडेला चार शितं. हे तिला परत बोलवायला उठले, तर मी अडवलं. ‘राहू द्या हो.’

ते ताट मी बराच वेळ उचललंच नाही. नुसती बघत बसले. वेडीच मी.

उद्याही असंच टाकून पळाली तर चांगली ओरडणार आहे. देवा, पळू दे.