हळदीच्या पोत्याची गवाही

आबा,
वसमतच्या बसला निघाले, म्हणून लिहून ठेवते.

डाक्टरनं पंच्याऐंशी किलो भरलात म्हणून वजन उतरवायला सांगितल्यावर तुमी तुमच्याइतकी हळद पोत्यात भरली. महिनाभर एका पारड्यात तुमी, दुसऱ्यात पोतं, अन् काटा रोज बराबर! पोतं काय जेवत न्हाई, तवा आईच चोरून तूप वाढते, असं म्हणून तुमी तिला बोललात.

मला राहवलं न्हाई. काल दगडोबाकाकाच्या दुकानातली लोखंडी वजनं आणून आमी पोतंच तोललं. पंच्याऐंशीचं एकोणऐंशी किलो झालंय! हळद ओलसर व्हती, ती वाळली. म्हंजे तुमीबी सहा किलोनं उतरलात.

आता वजनं लावूनच तोला, सकाळी चहाच्या आधी.

आई चार दिवस नुसतं मीठभाकर खाऊन राहिली. आज तिच्या ताटात तूप तुमी वाढा.

पंचफुला