पहिला रेडा पडेपर्यंत

रांतेपाओ, ४ मे १९८९

ती. दुमादादांस,
धाकट्या सांपेचा सा. न.

बाबांना बरं नाही. म्हणजे दोन वर्षं नाही, तसंच. श्वास थांबल्याचं डॉक्टरांनी तेव्हाच लिहून दिलं. पण विधीत पहिला रेडा कापून पडेपर्यंत आपल्याकडे माणूस आजारीच, हे बांडुंगला राहून विसरला नसाल. सकाळी त्यांच्या खोलीत कॉफी ठेवतो आणि गार झाली की घाबरत घाबरत मीच पितो.

बाबांच्या निरोपाचा विधी ऑगस्टमध्ये ठरतोय. थोरल्या मुलाने होकार दिल्याशिवाय रेड्याला कोणी हात लावणार नाही. आत्या विचारते, मागच्या काळात जायचं यंत्र करणाऱ्याला पुढे ऑगस्टमध्ये घरी यायला जमत नाही होय? मी सहावी नापास, काय उत्तर देणार?

रागावू नये, यावे.
सांपे

बांडुंग, २२ मे

चि. सांपेस, अ. आ.

तुझ्या पत्रात एकही चूक नाही. माझ्या प्रबंधात होत्या.

कालचा दिवस कुठे जातो, असं लहानपणी विचारलं, तर बाबा म्हणाले, आधी हरवलेला रेडा शोध. रेडा सापडला नाही, म्हणून मी भौतिकशास्त्रज्ञ झालो. बाबा गे... आजारी पडल्यापासून त्यांच्यापर्यंत मागे पोचायचं गणित करतोय. उत्तर आलं: यंत्र सुरू होईल त्या क्षणापलीकडे मागे जाता येत नाही. आणि यंत्र तर नाहीच. मुलं म्हणतात, सर, निदान उद्याचा पेपर तरी आणा.

खरं सांगू? मी आलो की विधी होणार, म्हणून येत नव्हतो. एवढं शिकून काळ अडवायची हीच एक युक्ती जमली. पण पडून पडून बाबांची पाठ आखडली असेल. येतो.

आत्याला जपून सांग.
दुमा

रांतेपाओ, ९ सप्टेंबर

ती. दादांस, सा. न.

बांडुंगला सुखरूप पोचलात, हे वाचून बरं वाटलं. विधीच्या सकाळी मी मांडवाची एकच गाठ पुन्हा पुन्हा तपासत होतो, कारण तुमच्याकडे बघवत नव्हतं. सुरीवाला तुमच्या तोंडाकडे बघत उभा, तुम्ही रेड्याकडे. सगळं गाव उन्हात. आपल्या चर्चचे पाद्रीबाबा घाम पुसत म्हणाले, विसरले की काय? आत्या म्हणाली, गप्प बसा, गणित करतोय तो.

मग तुम्ही होकारार्थी मान हलवलीत.

तुम्ही थांबलात तेवढा वेळ बाबा आपल्यात जास्त राहिले. विद्यापीठाला कळवायला माझी हरकत नाही.

आहे तसाच जीव लावावा.
सांपे