बटण कोणी दाबलं

मी, खाली डाव्या हाताने सही करणारी, वय अठ्ठावन्न, धंदा लाँड्रीत चादरी धुण्याचा, सध्या घरी पडून, असे लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी कसली नशा केलेली नाही आणि माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. “कोणाच्या भीतीने लिहीत नाही” असंही यात घालायचं असतं, असं कारकूनभाऊजी म्हणाले. ते मी घालू दिलं नाही. मला भीती वाटते. परवा माझ्या मानेचं ऑपरेशन आहे आणि त्यातून मी उठेन अशी खात्री डॉक्टर देत नाहीत.

उजवा हात चालत नाही, म्हणून मी सांगते आहे आणि शेजारचे निवृत्त कारकूनभाऊजी लिहून घेत आहेत. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण कान अधू आहेत, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागतं. जाऊ बाजारात गेली आहे. ती यायच्या आत उरकायचं आहे.

कलम एक. बँकेत जे काही असेल ते माझ्या मुलीला द्यावं. मुलीच्याच हातात द्यावं. जावई भला माणूस आहे, पण त्याच्या हाताला भोक आहे.

कलम दोन. घराच्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत. त्यातली खिडकीची मागची खोली माझ्या धाकट्या जावेला द्यावी, पुढची मुलीला. ज्यांना आमचं घर माहीत आहे ते हे वाचून तोंडात बोट घालतील. याच खिडकीवरून आम्ही दोघी वर्षानुवर्षं भांडलो. तिला वारा हवा, मला वाऱ्याने सर्दी होते. एकाच घरात सुना म्हणून आलो, एकाच लाँड्रीत कामाला लागलो, आणि घरी तोंड फिरवून जेवलो. माझे यजमान गेले तेव्हाही आम्ही आधी रडलो आणि मग भांडलो. आता तीच माझी वेणी घालते, मला भरवते, आणि खिडकी मी सांगितल्याशिवाय उघडत नाही. ही एवढी गरीब झाली याचीच मला काळजी वाटते.

कलम तीन. जुनी लोखंडी इस्त्री जो उचलेल त्याची. शिवणयंत्र जावेच्या मुलीला. तिने ते विकलं तरी चालेल, पण तिच्या आत्याला देऊ नये. त्या बाईने माझी कात्री नेली ती आजतागायत परत आली नाही.

कलम चार. हे मुख्य आहे, हे नीट लिहा.

आमच्या लाँड्रीत इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. मोठ्या मशीनचा ड्रम एवढा आहे की माणूस वाकून आत जातो. जाळीत धाग्यांचा गाळ अडकतो, तो हातानेच काढावा लागतो. आत जाणारी बाई आपल्या डोक्याचा रुमाल सोडून बटणाच्या दांडीला बांधते. रुमाल दिसला की बटणाला कोणी हात लावायचा नाही, आणि ज्या बाईचा रुमाल तिनेच तो सोडायचा. हा नियम कुठे लिहिलेला नाही. आम्ही बायकांनीच तो केला आणि आम्हीच पाळला.

त्या दिवशी नवं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं. मॅनेजरनेच मला सांगितलं, “आत जाऊन चटकन साफ करा, पाहुणे दारात आहेत.” मी रुमाल बांधला आणि आत गेले. मग मॅनेजरचा आवाज ऐकला, “ह्या चिंध्या काय लटकवल्यात मशीनवर? काढा आधी!” ड्रमच्या अंधारातून मला दिसलं, समोर माझी जाऊ चादरींची गाडी घेऊन उभी होती. तो तिच्यावरच खेकसला. तिने सगळ्या मशीनवर वाळत टाकलेली फडकी घाईघाईत गोळा केली, त्यातच माझा रुमालही गेला. मी आत आहे हे तिला माहीत नव्हतं, त्याला होतं. मी हाक मारली, पण इतर मशीनच्या घरघरीत ती कोणाला ऐकू गेली नाही. मग पाहुण्यांना तो म्हणाला, “आता चालवूनच दाखवतो.” आणि बटण त्याने दाबलं. दार उघडं असताना ते मशीन चालूच होऊ नये. ती सोय बिघडलेली होती आणि त्यालाही ते माहीत होतं.

पुढचं मला सांगवत नाही. अजूनही डोळे मिटले की सगळं फिरतं.

नुकसानभरपाईसाठी आम्ही वकील केला. औषधाच्या दुकानावर त्याचं ऑफिस आहे. आमच्या घरात त्याला ‘बघूया वकील’ म्हणतात, कारण दुसरा शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकलेला नाही. पहिल्या भेटीत त्याने माझ्या सह्या घेतल्या, जखमा कशा झाल्या ते विचारलंच नाही. दुसऱ्या भेटीत म्हणाला, “पाय कसा आहे आता?” माझा तर हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेला होता. तिसऱ्यांदा तो भेटलाच नाही. फोन केला की उचलायचा त्याचा हाताखालचा वकील, आणि सांगायचा की साहेब कोर्टात आहेत. ज्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती त्याही दिवशी साहेब कोर्टात होते.

एवढ्यावर मी त्याला नुसत्या शिव्या देऊन सोडलं असतं. पण दाव्याची नक्कल आली आणि ती कारकूनभाऊजींनी मला वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं की सहकारी कामगार, म्हणजे माझी धाकटी जाऊ, हिने हलगर्जीपणाने मशीन सुरू केलं. अपघाताबद्दल मालकाने जे लिहून दिलं होतं, ते या माणसाने जसंच्या तसं उतरवून काढलं होतं. खाली माझी सही!

मी टॅक्सी करून त्याच्याकडे गेले.

“हे खोटं आहे,” मी म्हटलं. “बटण मॅनेजरने दाबलं.”

“बाई, मालकाच्या कागदाशी जुळलं की प्रकरण लवकर मिटतं.”

“आणि माझ्या जावेचं काय?”

“तिला कोण काय करतंय? बाईमाणूस आहे. दुरुस्तीचा अर्ज करू. बघूया.”

मी उठले तेव्हा आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि आमचा मॅनेजर तिथे चहा पीत होता. दुसऱ्याच दिवशी तो फळं घेऊन घरी आला. जाऊ पाणी आणायला गेली तेव्हा हळूच म्हणाला, “धाकटीला अजून कामावर ठेवलंय मी. पोलिसांत तिचं नाव जायला नको, काय?” तेव्हापासून दाराची कडी वाजली की मी आधी जाऊ कुठे आहे ते बघते. ही फिर्याद माझी, पण फास तिच्या गळ्यात, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नाही. तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

म्हणून मी असं जाहीर करते की दाव्यातला तो मजकूर खोटा आहे आणि खरं ते वर लिहिलं आहे. मी गेल्यावर हे मृत्युपत्र न्यायाधीशांसमोर वाचावं. मी गेल्यावर दावा राहतो की बुडतो हेही वकिलाला विचारलं होतं. उत्तर काय आलं असेल ते सांगायला नको.

कलम पाच. बघूया वकिलाला दिलेलं वकीलपत्र मी रद्द करते. त्याला माझ्या प्रेतावर हार घालायला येऊ देऊ नये.

इथवर लिहून झालं आणि साक्षीसाठी बोलावलेले खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले मध्येच बोलले. ते एरवी बोलत नाहीत.

“वहिनी, हे उघडायचं कधी?”

“मी मेल्यावर.”

“आणि नाही मेलात तर?”

कारकूनभाऊजींनीही ते ऐकलं, म्हणजे ते किती मोठ्याने बोलले असतील. मेले तर खरं बाहेर येणार, आणि जगले तर मी पुन्हा त्याच खोट्याखाली गप्प बसणार. मरणाची भीती होतीच. आता जगायचीही वाटू लागली.

तेवढ्यात जाऊ बाजारातून आली. मी तिला पिशव्यांसकट समोर बसवलं आणि भाऊजींना सगळं वाचायला लावलं. ती पिशवीचे बंद मुठीत धरून ऐकत होती.

“ताई,” ती म्हणाली, “रुमाल मी काढला हे तुम्हाला माहीत होतं?”

“त्या दिवसापासून.”

“मला वाटायचं, तुम्हाला कळलं तर घराबाहेर काढाल. झोप नाही मला.”

“अगं, मी आत आहे हे तुला माहीत होतं का?”

“नव्हतं हो!” आणि ती रडायला लागली. मला तिला जवळ घेता येत नव्हतं, म्हणून तीच माझ्या जवळ सरकली.

मग डोळे पुसून म्हणाली, “मॅनेजरने बटण दाबताना मी पाहिलंय. मी सही करते यावर.”

भाऊजी म्हणाले की जिला खोली मिळायची तिने साक्षीदार होऊ नये, तिचं देणं फुकट जातं.

“मग खोली खोडा.”

“वेडी आहेस का?” मी म्हटलं. “मी गेले तर राहशील कुठे? नोकरीही जाईल तुझी.”

“ताई, तुम्ही आयुष्यभर माझं ऐकलं नाहीत. आज ऐका.”

कलम दोनमधला जावेचा हक्क माझ्यासमोर खोडला. माझा विरोध होता, तोही नोंदवावा. तसंच हे मृत्युपत्र आजच उघडलं असं समजावं. उद्या सकाळी माझी जाऊ याची नक्कल घेऊन दुसऱ्या वकिलाकडे जाईल. मी जगले तर पुढच्या वेळी दोघी जाऊ.

ठिकाण: खिडकीची मागची खोली. खिडकी उघडी आहे, मला सर्दी होणार आहे.

दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या मंगळवारी, दुपारी.

सही: (डाव्या हाताची, वाकडी, पण माझीच)

लिहून घेणार: शेजारचे कारकून. सांगितलं तसंच लिहिलं.

साक्षीदार पहिले: घड्याळवाले. बाई शुद्धीवर होत्या.

साक्षीदार दुसरी: धाकटी जाऊ. रुमाल मी काढला. काढायला मॅनेजरने लावला. बटण त्याने दाबलं. मी तिथेच उभी होते, आणि हे मी कोणासमोरही सांगेन.