कलम दुसरे: नातेवाइकांना सूट नाही

४ ऑगस्ट, सोमवार.
बँकेने दुकानाचे खाते बंद केले. मॅनेजर म्हणाले, बंदुकीच्या धंद्याशी व्यवहार ठेवू नये असा संचालकांचा ठराव आहे. मी बंदुका दुरुस्त करतो, उडवीत नाही, हे त्यांस शांतपणे सांगितले. शिपाई मला पायरीपर्यंत सोडावयास आला. आदर म्हणूनच असावा.
माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. तथापि कायदा कसा लिहावा हे समजते. सायंकाळी मसुदा केला: जो कोणी परवानाधारक शस्त्रव्यवसायाचे काम नाकारील, त्यास कोणतेही सरकारी कंत्राट मिळू नये.

७ ऑगस्ट.
आमदारांचे पी.ए. सम्राट यांस मसुदा दिला. मोबाइलवरून दृष्टी न काढता ते म्हणाले, होऊन जाईल. म्हणजे येत्या अधिवेशनात मांडणार.
कायदा झाला की दुकानास प्रतिष्ठा येईल आणि चिरंजीव धैर्यशील आपणहून परत येईल. दसऱ्यानंतर लायसनची मुदत संपते. पुढचे त्याच्या नावे करावयाचे. त्यास अद्याप विचारलेले नाही. गरज नाही.

१९ ऑगस्ट.
गडमुडशिंगीच्या गुंडूंच्या बंदुकीचा घोडा झिजला आहे. नवा करण्यास मशीन हवे. म्हणून शिरोली एमआयडीसीत धैर्यशीलच्या कारखान्यात गेलो. तेथे तो महापालिकेसाठी गटारीची झाकणे ओततो. आमच्या घराण्याने सरदारांच्या बंदुका जुळविल्या. असो.
त्याने घोडा हातात घेतला, न्याहाळला आणि परत दिला. "दादा, हितं बंदुकीचं काय बी करायचं न्हाय. तपासणीवालं येत्यात." कामगार ऐकत होते. चहा आला. घेतला नाही. नंतर घेतला.

त्याच दिवशी, सायंकाळी.
मसुद्यास कलम दुसरे जोडले: काम नाकारणारा दुकानदाराचा नातेवाईक असला, तरी सूट नाही. रागाने नव्हे. कायदा सर्वांस समान असावा. सम्राट यांस लगेच नेऊन दिले.

३ सप्टेंबर.
घोडा कानशीने घासून हातानेच घडविला. बसला नाही. दुकानात उजेड कमी आहे. दुसरा करीन.

९ सप्टेंबर.
दुसराही बसला नाही. बल्ब बदलला.

१५ सप्टेंबर.
सूनबाई तेजस्वी यांचा फोन. जेवलात का, असे विचारले. मग हळूच म्हणाल्या, बाकी ऑर्डरी गेल्या, आता महापालिकेच्या टेंडरवरच कारखाना उभा आहे. ते गेले तर कुलूप लावावे लागेल. ह्यांना झोप नाही, म्हणाल्या.
फोन ठेवला. कलम दुसरे आठवले. माझा कायदा प्रथम कोणाच्या दारात जाऊन उभा राहील, हे तेव्हा ध्यानात आले.
जेवलो, असे सूनबाईंना सांगितले होते. ते खरे नव्हते.

१६ सप्टेंबर.
कार्यालय उघडण्यापूर्वीच जाऊन बसलो. सम्राट आले. कायदा मागे घ्यावा, अशी विनंती केली.
"कुठला कायदा ओ, आजोबा?"
मी दोन्ही कलमे तोंडपाठ म्हणून दाखविली. त्यांनी ऐकून घेतली. मी म्हणालो, मी ती मागे घेतो. ते म्हणाले, बरं, घेतली. मग मला रस्ता ओलांडून देण्यास एका कार्यकर्त्याला सोबत दिले.
धैर्यशीलचे टेंडर वाचले. त्यास कळविणार नाही. उपकार बोलून दाखवू नयेत.

२९ सप्टेंबर.
खंडेनवमीच्या आधी लोक पूजेसाठी बंदुका साफ करून नेतात. पूर्वी दुकानापुढे उभे राहावयास जागा नसे. आज लवकर दुकान उघडले. तेल, चिंध्या, गज मांडून ठेवले.
फक्त गुंडू आले. तिसरा घोडा होईपर्यंत थांबा, म्हणालो. ते खाली पाहत म्हणाले, "ऱ्हाऊ दे की दादा. पोरानं रानाच्या कुंपणाला करंटचं झटका मशीन बसवलंय. डुकरं फिरकत न्हाईत. बंदूक पोलिसात जमा करतो." बंदूक पोत्यात गुंडाळून नेली.
तेल बाटलीत परत ओतले.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी.
एकट्याने पूजा करणे प्रशस्त दिसत नाही. कानस व हातोडी घेऊन शिरोलीस गेलो. तेथील पूजा यथासांग होते की नाही, हे पाहण्यासाठी. धैर्यशीलने न विचारता लेथपुढे जागा केली. माझ्या हत्यारांना प्रथम कुंकू लावले.
मग म्हणाला, "लायसनचं काय करायचं, दादा?"
मी म्हणालो, दसरा होऊ दे. पूजेतील हत्याराला आज हात लावावयाचा नसतो.

२ ऑक्टोबर, दसरा.
मुहूर्तावर सर्वांनी आपापले हत्यार उचलले. माझे मी उचलले नाही. धैर्यशीलने माझी कानस घेतली, पहिल्या झाकणाची कड घासली. मनगट माझ्यासारखे वळते. लहानपणी मीच शिकविले होते.
लायसन नको, असे मीच म्हणालो. त्याने मान हलविली.
कड चोख निघाली. झाकण गटारीचेच आहे, हेही नमूद करतो.