बोर्डाखालचं लाल सिलिंडर

२२ ऑक्टोबर २०२५
काल ह्यांचा तेरावा झाला. कालच लक्ष्मीपूजन! अख्ख्या गारखेड्यात दिवे, आणि आमच्या पिठाच्या गिरणीचं शटर खाली.

कडूबाभाऊ बारा वर्षं गिरणीत कामाला. आज सासूबाई त्यांना सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तूच खाल्लंस माझ्या सुदर्शनला!" विजेचा बोर्ड पेटला तेव्हा आग विझवायचं सिलिंडर ह्यांच्या हातात त्यांनीच दिलं. ते निघालं पाण्याचं. शॉक बसला, संपलं.

"व्हय मावशी, चुकलं माझं," एवढंच बोलले. पिशवी घेतली आणि फर्दापूरला, गावी गेले. मीही अडवलं नाही. रागच होता मला!

२५ ऑक्टोबर
सिलिंडर भरून देणारा ऋतुराज उस्मानपुऱ्याहून आला. "वहिनी, पोती, बारदाना पेटला तर पाणी. तेलाला, विजेला पाणी नाय — तिथं पावडर. म्हणून पावडरचं मी बोर्डाखाली टांगलं होतं, पाण्याचं दाराशी. दोन्ही लालच. आगीत वाचत कोण बसतंय? जागेवरचं उचलायचं." मग जागा कशा बदलल्या, त्याला कळेना.

मला कळलं.

२६ ऑक्टोबर
गिरणीचं शटर उघडलं, आणि तसंच परत खाली ओढलं.

२९ ऑक्टोबर
लिहूनच टाकते. खंडेनवमीला गिरणीतल्या सगळ्या अवजारांची पूजा मी केली. दोन्ही सिलिंडर काढून लख्ख पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. कुणाला शिवू दिलं नाही — माझी टापटीप ना! हे हसत होते, "अगं, ह्यांना कशाला नटवतेस? ह्यांचं काम न पडो म्हणजे झालं."

परत टांगली तीही मीच. ह्याच्या जागी ते. कडूबाभाऊंनी जागेवरचंच उचललं होतं.

सासूबाईंना सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोनदा चहाचं विचारून परत आले. भित्री मेली!

२ नोव्हेंबर
सांगितलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्यात. उद्या सकाळच्या एसटीनं फर्दापूरला जाते. त्या माणसाचे पाय धरायचेत.

३ नोव्हेंबर
कडूबाभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ठाव हाय, वहिनी. त्याच दिवशी कळलं. सिलिंडरच्या नळीला तुमची पूजेची माळ तशीच होती, म्हंजी तुमच्यामागं कुणी हलवलं नव्हतं. लोक जमायच्या आत मीच तोडून फेकली. तुम्हाला त्याच घरात ऱ्हायचंय. मला काय, गाव हाय."