भूवेष्टित

गुरुजी, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज तुमची जिरवली. ऐकाच आता.

तुमचं शेत रस्त्याला लागून, आमचं त्याच्या मागे. तुमच्या बांधावरून आमची वहिवाट आजोबांच्या काळापासूनची, पण तुम्ही तिची मेहेरबानी करून टाकलीत. आईच्या डोक्यावर गवताचा भारा, आणि तुम्ही बाजेवर दात कोरत म्हणताय, "विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही. रोज विचारायचं." आई म्हणते, "गुरुजी, जाऊ का?" भाऱ्याखाली मान आणखी किती वाकवणार ती? आणि सातवीत तुम्ही फळ्यावर लिहिलंत, भूवेष्टित देश, म्हणजे ज्याला समुद्र नाही तो. मला उभं केलंत, "उदाहरण सांग." मी आठवत होते, तर तुम्हीच म्हणालात, "अगं, तुमचं शेत!" अख्खा वर्ग खिदळला. तेव्हाच ठरवलं, हा शब्द तुमच्याच घशात घालीन.

आता मी जर्मनीत, आखनला असते. सायकलवरून हॉलंडात जाऊन भाजी आणते, कोणी हटकत नाही. छोट्या देशांना कायद्याचा सल्ला देणाऱ्या आमच्या संस्थेत या आठवड्यात असाच एक भूवेष्टित देश आणि त्याचा किनारेवाला शेजारी बोलणी करायला बसले होते. मी बिनसमुद्रवाल्यांची कायद्याची सल्लागार. शेजाऱ्यांचा म्हातारा पुढारी गोड हसून म्हणाला, "बंदर तुमचंच आहे हो. फक्त दर वेळी विचारा, आम्ही कशाला नाही म्हणू?" आमची माणसं थकलेली, माना डोलवायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "दर वेळी विचारायला लावणारा नाही म्हणायची सोय आपल्या खिशात ठेवतो. मसुद्यातलं 'परवानगीने' काढा, 'हक्काने' लिहा." माझा जर्मन साहेब टेबलावर थाप मारून ओरडला, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. दुपारपर्यंत भांडले, आणि तो शब्द काढायला लावलाच. म्हाताऱ्याचं तोंड पडलं, तिथे मला तुमचंच तोंड दिसलं. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही नाही, आणि तुमच्या पोराशी माझं वैर नाही.

एकच सांगायचं राहिलं. मसुदा ठरल्यावर मी बाहेर पडायला निघाले, तर तो म्हातारा नेमका दारात उभा. माझ्या तोंडून निघून गेलं, तेही मराठीत, "जाऊ का?" त्याला ओ की ठो कळलं नाही, तरी तो झटकन बाजूला झाला.